शेपटीला टॅग लावू नका: पेरॉक्सिझोममध्ये प्रथिनं शिरतात कशी

प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडला, पेशींत सोडला, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर अख्खी पेशी केंद्रकासकट हिरवीगार. पेरॉक्सिझोम या पेशीतल्या बारीक पिशव्यांचे दिसायला हवेत ते ठिपके कुठेच नाहीत. मग वहीत वाक्य पडतं: "हे प्रथिन पेरॉक्सिझोमचं नाही." ते वाक्य खोडायची तयारी ठेवा आणि आधी प्लाझ्मिडचा (जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाचा) नकाशा उघडा. जीएफपी शेवटच्या टोकाला, म्हणजे सी-टोकाला बसलेला असेल, तर प्रयोगाने प्रथिनाबद्दल काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही त्याच्या पत्त्यावर कागद चिकटवून ते टपालात टाकलंत, एवढंच.

नवख्यांना फसवण्यात वेक्टरच्या (म्हणजे अशा तयार प्लाझ्मिडच्या) नावांचाही हात आहे. पीईजीएफपी-सी१ मधल्या 'सी'चा अर्थ तुमचं जनुक जीएफपीच्या सी-टोकाला जोडलं जातं असा आहे. म्हणजे जीएफपी पुढे, तुमचं प्रथिन मागे, आणि शेपटी मोकळी. पीईजीएफपी-एन१ मध्ये बरोबर उलटं. पेरॉक्सिझोमसाठी बहुतेक वेळा सी१ हवा, आणि नाव वाचून लोक नेमका एन१ उचलतात. पिचिया यीस्टच्या पीपिकझेड वेक्टरमध्येही हाच सापळा आहे: जनुकाचा स्टॉप कोडॉन ('साखळी इथे संपव' ही खूण) गाळला की मागचा मिक आणि हिस्टिडीनचा टॅग आपोआप जोडला जातो. शुद्धीकरणाला सोयीचं, पत्त्याचं वाटोळं.

पेरॉक्सिझोमला स्वतःचा डीएनए नाही, रायबोसोम नाहीत. एकेरी पटलाची ०.१ ते १ मायक्रोमीटर व्यासाची पिशवी, आणि तिच्या आत काम करणारं एकूण एक एन्झाइम बाहेर पेशीद्रवात तयार होऊन आत आलेलं असतं. लांब साखळीची फॅटी आम्लं तोडणं, हायड्रोजन पेरॉक्साइड निकालात काढणं, मेंदूला लागणाऱ्या प्लाझ्मॅलोजेन या मेदाच्या घडणीची पहिली पावलं टाकणं, ही सगळी कामं आयात केलेल्या कामगारांवर चालतात. तेव्हा कुणाला आत घ्यायचं हे ओळखायचं कसं, हाच खरा प्रश्न.

उत्तर मिळालं ते काजव्यामुळे. मे महिना सरत आला की गोव्यातल्या सत्तरी-सांगेच्या रानात जे लुकलुकतं, त्यामागे ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम असतं. काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या पेशींत ते पेरॉक्सिझोममध्ये साठवलेलं असतं. प्रयोगांत वापरलेला काजवा आपल्याकडचा नव्हे, उत्तर अमेरिकेतला फोटिनस पायरालिस. त्याचं जनुक माकडाच्या पेशींत घातलं तरी ल्युसिफरेज मुकाट पेरॉक्सिझोममध्येच जाऊन बसलं. काजवा आणि माकड यांच्यात एवढं अंतर, तरी पत्ता दोघांना वाचता आला. १९८७ ते १९८९ या काळात सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरेश सुब्रमणी यांच्या गटाने ल्युसिफरेज टोकाकडून कापत कापत दाखवलं की ५५० अमिनो आम्लांपैकी पत्ता फक्त शेवटच्या तिघांत आहे: सेरीन, लायसीन, ल्युसीन. एका अक्षरी खुणांत एस-के-एल. पुढे प्रयोगशाळांसाठी ल्युसिफरेजची जी सुधारित जनुकं बाजारात आली, त्यांतून ही तीन अक्षरं मुद्दाम काढलेली आहेत. संकेत मोजायचा असताना एन्झाइम पिशवीत लपून बसलेलं परवडत नाही.

ही खूण पीटीएस-१ या नावाने ओळखली जाते. तिच्यात थोडी सूट आहे. पहिल्या जागी लहान अमिनो आम्ल (सेरीन, अलानीन, सिस्टीन), दुसऱ्या जागी धनभारित (लायसीन, आर्जिनीन, हिस्टिडीन), तिसऱ्या जागी ल्युसीन किंवा मिथिओनीन. सूट नाही ती एकाच गोष्टीत: हे त्रिकूट अगदी शेवटी हवं. त्याच्यामागे एक जरी अमिनो आम्ल जास्त आलं तरी खूण मेली.

असं का, हे पेक्स-५ या ग्राही प्रथिनाची रचना बघितली की कळतं. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात टीपीआर नावाच्या घड्या एकापुढे एक वळत जाऊन मधे नरसाळ्यासारखी पोकळी तयार करतात. प्रथिनाची शेपटी त्या पोकळीत शिरते आणि तळाशी शेवटच्या ल्युसीनचा मोकळा कार्बॉक्सिल गट पकडला जातो. ल्युसीनच्या पुढे साखळी चालूच असेल, तर तो गट मोकळा राहतच नाही आणि तळाशी पकडायला काही उरत नाही. किल्ली बरोबर असून टोकाला वेल्डिंगचा थेंब राहिला तर कुलूप उघडत नाही, तसं.

म्हणून प्रायमर (जनुकाची प्रत काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवताना शेवट हाताने लिहून काढा. एस-के-एलसाठी टीसीसी, एएजी, सीटीजी, आणि लगेच स्टॉप टीएए. उलट प्रायमरची सुरुवात (रेस्ट्रिक्शन साइट आणि तिच्या आधीचे काही जादा बेस सोडून) टीटीए सीएजी सीटीटी जीजीए अशी यायला हवी. तशी येत नसेल तर ऑर्डर पाठवू नका. सीक्वेन्सिंगही शेवटच्या टोकाकडून करून घ्या. पुढच्या बाजूने वाचलेली साखळी सातशे-आठशे बेसनंतर धूसर होत जाते, आणि आपल्याला हव्या त्या नऊ बेस नेमक्या त्या धुक्यात असतात.

त्रिकूट असलं म्हणजे काम झालं, असंही नाही. त्याच्या अलीकडची आठ-दहा अमिनो आम्लं पकड ठरवतात. तिथे लायसीन-आर्जिनीन असतील तर पेक्स-५ घट्ट धरतं, ऋणभारित असतील तर सैल. शेपटी प्रथिनाच्या घडीत दडलेली असेल तर ती कुणाला दिसतच नाही. आणि पुढच्या टोकाला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचा संकेत असेल, तर प्रथिन रायबोसोमवरून उतरायच्या आधीच दुसऱ्या वाटेला लागलेलं असतं. डेटाबेसमध्ये एस-के-एल शोधून यादी करणारे हे तिन्ही विसरतात.

कॅटलेजचं उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखं. पेरॉक्सिझोमची ओळख म्हणून जे एन्झाइम सगळीकडे सांगितलं जातं, त्याची स्वतःची खूण मात्र कच्ची: मानवी कॅटलेज के-ए-एन-एल असं संपतं. पेक्स-५ कमी पडायला लागलं की सगळ्यात आधी बाहेर ताटकळतं ते कॅटलेज. त्यामुळे अँटीबॉडीने रंगवून कॅटलेज पेशीद्रवात दिसलं म्हणजे आयात पूर्ण बंद पडली, असा अर्थ काढू नये. शेजारी जीएफपी-एसकेएल हा पक्क्या खुणेचा नमुना ठेवावाच.

एक गंमत राहून जाते म्हणून सांगतो. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज-बी हे तसं पेशीद्रवातलं एन्झाइम. त्याच्या जनुकात स्टॉप कोडॉन रीतसर आहे. पण तो यूजीए आहे आणि त्याला लागून सीयूए येतो, आणि अशा जोडीवर रायबोसोम अधूनमधून थांबायचं विसरतो. पुढे वाचत गेला की काही अमिनो आम्लांनंतर शेवट पीटीएस-१ ने होतो! एकाच जनुकातून बहुतेक माल बाहेरचा आणि थोडासा पेरॉक्सिझोमचा. २०१४ मध्ये हे उलगडलं. तोवर पेरॉक्सिझोममध्ये सापडणारं हे एन्झाइम तिथे येतं कसं, याचा पत्ता जनुक वाचून लागत नव्हता.

दुसरी खूण पीटीएस-२. ती पुढच्या टोकाजवळ असते आणि नऊ अमिनो आम्लांत पसरलेली: आधी आर्जिनीन किंवा लायसीन, मग ल्युसीनच्या जातीतलं एक, मधे कुठलीही पाच, मग हिस्टिडीन किंवा ग्लुटामीन, आणि शेवटी ल्युसीन किंवा अलानीन. ती वाचतं पेक्स-७. माणसात हा पत्ता वापरणारी प्रथिनं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. थायोलेज हे त्यातलं अभ्यासलेलं. दुसरं फायटॅनिक आम्ल मोडण्याची सुरुवात करणारं एन्झाइम. हे आम्ल दुधातुपातून, गाय-मेंढीच्या चरबीतून आणि काही तेलकट माशांतून येतं, तेव्हा रेफ्सम आजाराच्या (ज्यात हे आम्ल मोडता येत नाही) रुग्णाला पथ्य सांगताना गोव्यातल्या ताटात काय शिल्लक राहतं हा प्रश्न आहारतज्ज्ञाला पडणारच. तिसरं प्लाझ्मॅलोजेनच्या वाटेवरचं. पेक्स-७ ला एकट्याला आत जाता येत नाही, त्याला पेक्स-५ च्या लांब रूपाचा हात धरावा लागतो. या लांब रूपात ३७ अमिनो आम्लं जास्त असतात. छोटं रूपच क्लोन केलं असेल तर पीटीएस-१ चा माल आत जाईल आणि थायोलेज बाहेर राहील; सीडीएनए (जनुकाची तयार प्रत) मागवताना कुठलं रूप येतंय ते विचारून घ्या. पीटीएस-२ च्या प्रथिनाला जीएफपी अर्थातच मागे लावायचा. पण आत गेल्यावर खुणेचा तुकडा कापून टाकला जातो. थायोलेजच्या ब्लॉटवर (आकाराने वेगळी केलेली प्रथिनं अँटीबॉडीने दाखवणाऱ्या पटावर) दोन पट्टे दिसले तर वरचा न कापलेला, म्हणजे बहुधा बाहेर राहिलेला.

आता पेरॉक्सिझोमचं खरं वेगळेपण. मायटोकॉन्ड्रियात जायचं तर प्रथिनाला घडी मोडून दोऱ्यासारखं सरळ व्हावं लागतं. पेरॉक्सिझोम असली अट घालत नाही. घडी पडलेली, जोडीदाराशी बांधलेली, पूर्ण तयार प्रथिनं जशीच्या तशी आत जातात. पीटीएस-१ चिकटवलेले ९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पेशीत टोचले तर तेही आत गेले, आणि सोन्याची घडी काही उलगडता येत नाही. यातूनच डबलसीटची सोय होते: ज्याला स्वतःची खूण नाही असं प्रथिन खूण असलेल्या जोडीदाराच्या मागे बसून आत जातं. म्हणून खूण कापलेला नमुना तपासताना त्याच प्रथिनाची मूळ, न कापलेली प्रत पेशीत असेल तर निकाल खोटा येऊ शकतो. मूळ जनुक काढलेल्या पेशी वापरा.

या फरकाची किंमत मूत्रपिंड मोजतं. यकृतातलं एजीटी हे एन्झाइम पेरॉक्सिझोममध्ये बसून ग्लायऑक्सिलेटचं ग्लायसीन करतं. काही लोकांत त्याच्या ११ व्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन असतं; त्याने पुढच्या टोकाला मायटोकॉन्ड्रियाचा एक दुबळा पत्ता तयार होतो. एवढ्याने फारसं बिघडत नाही, कारण एजीटी झटपट घडी घालून जोडी जमवतं आणि घडी पडलेला माल मायटोकॉन्ड्रिया घेत नाही. पण त्यातच १७० व्या जागी ग्लायसीनचं आर्जिनीन झालं की घडी पडायला उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात मायटोकॉन्ड्रिया त्याला ओढून घेतं. एन्झाइम जिवंत, काम करायला तयार, फक्त भलत्या खोलीत. ग्लायऑक्सिलेटचं ऑक्झलेट होतं आणि मुतखडे सुरू होतात. प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया प्रकार १ च्या बऱ्याच रुग्णांत दोष हा असा पत्त्याचा असतो.

दारावर काय होतं? माल धरलेलं पेक्स-५ पटलावरच्या पेक्स-१४ आणि पेक्स-१३ ला येऊन चिकटतं. दार दिसत नाही, तरी एवढा मोठा माल आत जातो, हे कोडं बरीच वर्षं छळत होतं. कायमचं मोठं भोक असतं तर आतलं सगळं गळून गेलं असतं. २०२२ मध्ये हार्वर्डच्या टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटाने दाखवलं की पेक्स-१३ मधला टायरोसीन आणि ग्लायसीन यांनी भरलेला भाग एकमेकांत गुंतून जेलीसारखी जाळी तयार करतो. या जाळीत साधं प्रथिन अडतं, पण पेक्स-५ तिच्यात विरघळल्यासारखं शिरतं आणि मालाला सोबत नेतं. केंद्रकाच्या छिद्रातही अशीच जाळी असते. मला पटलेलं उत्तर हेच. आधीचं 'पेक्स-५ स्वतःच भोक पाडतं' हे चित्र सोन्याच्या कणांपुढे ओढूनताणून बसवल्यासारखं वाटायचं.

आत जाणं मात्र या गोष्टीतला सोपा भाग आहे. माल आत नेताना एटीपी खर्च होत नाही. खर्च होतो तो पेक्स-५ ला परत बाहेर काढताना. रायबंदरहून चोडणला गेलेली फेरीबोट पलीकडेच अडकली तर अलीकडच्या धक्क्यावर रांग लागते. माणसं आहेत, तिकडचा धक्का रिकामा आहे, फक्त बोट नाही. पेशीतही पेक्स-५ मोजकं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचं असतं.

परतीची व्यवस्था अशी. पेक्स-२, पेक्स-१० आणि पेक्स-१२ मिळून पटलात एक संकुल करतात. पेक्स-५ चं पुढचं टोक त्यातून बाहेर डोकावतं आणि त्याच्या ११ व्या जागेवरच्या सिस्टीनवर (मानवी पेक्स-५ मध्ये) युबिक्विटिन नावाचं एक छोटं प्रथिन अडकवलं जातं. तो दोरीचा फास. पेक्स-१ आणि पेक्स-६ यांची सहा तुकड्यांची मोटर, जी माणसात पेक्स-२६ ने पटलाला बांधलेली असते, एटीपी जाळत तो फास ओढते. ओढताना पेक्स-५ उलगडतं, त्यात माल सुटून आत राहतो. बाहेर आलेलं पेक्स-५ युबिक्विटिन उतरवून पुन्हा घडी घालतं आणि कामाला लागतं. मोटर बंद असेल तर युबिक्विटिनची साखळी चढते आणि पेक्स-५ प्रोटिअसोमकडे, म्हणजे प्रथिनं मोडीत काढणाऱ्या यंत्राकडे, जातं. पेक्स-१ किंवा पेक्स-६ बिघडलेल्या पेशींत पेक्स-५ चा पट्टा फिका दिसतो तो यामुळे. पेक्स-५ चं जनुक ठीक आहे, माल उचलणारा हमालच मोडीत काढला जातोय.

हा युबिक्विटिन बघायचा असेल तर एक खाचखळगा. नेहमी युबिक्विटिन लायसीनवर बसतं, इथे सिस्टीनवर, थायोएस्टर बंधाने. नमुन्याच्या बफरमध्ये सवयीने डीटीटी किंवा बीटा-मरकॅप्टोइथेनॉल यांसारखं क्षपणक (असे बंध तोडणारं रसायन) घातलं की बंध तुटतो आणि पट्टा गायब. लायसिस बफरमध्ये ताजं एन-इथिलमॅलिमाइड घाला आणि जेलवर क्षपणक न घालता चढवा. मुख्य पट्ट्याच्या वर साधारण ८.५ किलोडाल्टनवर दुसरा दिसायला हवा. त्याच नमुन्याचा अर्धा भाग डीटीटी घालून शेजारच्या खाचेत चढवा. तिथे वरचा पट्टा नाहीसा झाला तर समजा, हाच तो.

झेलवेगर गटातल्या आजारांत (पेरॉक्सिझोम नीट न बनण्याच्या जन्मजात आजारांत) सगळ्यात जास्त वेळा पेक्स-१ च बिघडलेलं सापडतं. त्यातला एक नेहमीचा बदल, ८४३ व्या जागी ग्लायसीनचं अस्पार्टेट, तापमानाला नाजूक आहे: रुग्णाच्या त्वचेच्या पेशी ३७ अंशांवर कॅटलेज आत घेत नाहीत, ३० अंशांवर काही दिवस वाढवल्या की घ्यायला लागतात. म्हणून अशा पेशींवर काम करताना इन्क्युबेटरच्या दारावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

तापमानाचा विषय आला आहे, तर गोव्यातल्या मे महिन्याबद्दल. पेरॉक्सिझोम शिकायला सगळ्यात स्वस्त पेशी म्हणजे पिचिया: मिथेनॉलवर वाढवली की पेशीचा मोठा भाग पेरॉक्सिझोमनी भरून जातो. ग्लिसरॉलवाल्या बीएमजीवाय माध्यमात रात्रभर वाढवा, सेंट्रिफ्यूजने खाली बसवा, धुवा, आणि मिथेनॉलवाल्या बीएमएमवाय माध्यमात ओडी (गढूळपणावरून मोजलेली पेशींची दाटी) १ वर सोडा, मिथेनॉल ०.५ टक्के, दर २४ तासांनी पुन्हा तेवढंच, कारण ते वापरलंही जातं आणि उडूनही जातं. फ्लास्कच्या क्षमतेच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाइतकंच माध्यम भरा, मिथेनॉल जाळायला ऑक्सिजन भरपूर लागतो. तापमान २८ ते ३०. बत्तीस अंशांच्या वर इंडक्शन (मिथेनॉलने जनुक चालू होणं) बिघडतं आणि पेशी मरायला लागतात, आणि एसी नसलेल्या खोलीत ठेवलेला नुसता हवेवरचा शेकर मेमध्ये सहज बत्तीसच्या पुढे जातो. जूनमधली भानगड वेगळी: पहिल्या वादळात वीज जाते, शेकर थांबतो, पेशी तळाशी बसून गुदमरतात. वीज आल्यावर त्या नमुन्याकडून काही शिकायला जाऊ नका, नवीन लावा. आणि 'पेशी सुकल्या, जरा ग्लुकोज देऊ' हा मोह टाळा. ग्लुकोज मिळताच पिचिया आपलेच पेरॉक्सिझोम गिळून टाकते.

सस्तन पेशींत आत-बाहेर ठरवायला डिजिटोनिनची चाचणी पुरेशी आहे. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करा. एका कव्हरस्लिपवर ०.१ टक्के ट्रायटन (सगळी पटलं उघडणारा साबण), दुसरीवर मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम डिजिटोनिन पाच मिनिटं. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरून बाहेरचं पटल भोकं पाडून उघडतं, पेरॉक्सिझोमचं शाबूत ठेवतं. कॅटलेज खरंच आत असेल तर ट्रायटनवर ठिपके दिसतील, डिजिटोनिनवर काळोख. दोन्हीवर ठिपके दिसले तर एक तर डिजिटोनिन जास्त झालं किंवा प्रथिन बाहेरून पटलाला चिकटलंय. डिजिटोनिनची प्रत्येक बाटली वेगळी वागते. नवी बाटली आली की १० ते ५० मायक्रोग्रॅमचा पल्ला आधी तपासून घ्या. पेशीचे तुकडे करून काम करत असाल तर प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) बर्फावर अर्धा तास, एकदा ट्रायटनशिवाय, एकदा ट्रायटनसह. थांबवायला पीएमएसएफ ताजं. पाण्यात ते लवकर मरतं आणि मग जेलच्या बफरमध्येही पचन चालू राहतं. पेरॉक्सिझोम हातात फार नाजूक असतात. होमोजिनायझरचे चार फटके जास्त झाले की कॅटलेज गळून वरच्या द्रवात येतं आणि आयात न झाल्याचं सोंग घेतं.

शेवटी एक रंग नेहमी जास्तीचा ठेवा, पीएमपी-७० चा. ते पटलातलं प्रथिन आहे, आणि पटलाची प्रथिनं पेक्स-५ च्या वाटेने येतच नाहीत. त्यांना पेक्स-१९ उचलतं आणि पेक्स-३ पाशी उतरवतं. त्यामुळे पेक्स-१ बिघडलेल्या पेशीत कॅटलेज सगळीकडे पसरलेलं असतानाही पीएमपी-७० चे ठिपके दिसतात, नेहमीपेक्षा संख्येने कमी आणि आकाराने मोठे. या रिकाम्या पिशव्यांना शास्त्रज्ञ भुतं म्हणतात. तेही ठिपके दिसले नाहीत, तर पेक्स-१ सोडा आणि पेक्स-३, १६ आणि १९ यांचं सीक्वेन्सिंग मागवा.